हार घातलेला पिंजरा

पिंजऱ्याला हार घातलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. माणसांना हार घालतात, बैलांना घालतात, नव्या ट्रॅक्टरला तर घालतातच. पण जो पिंजरा जनावराला कळू नये म्हणून लपवायचा, त्याला झेंडूचा हार घालायचा, कुंकवाची बोटं ओढायची आणि पुढे कापूर जाळायचा, एवढी अक्कल आमच्या संस्थेच्या अकरा संचालकांकडेच होती.

मी आता सुरतेत लेकीकडे राहते, चौथ्या मजल्यावर. इथून शिरूर कासार किती लांब ते मला कोसांत सांगता येणार नाही. खाली सोसायटीची मीटिंग भरली, कुणी कुणाला शाल घातली आणि टाळ्या वाजल्या, की मला ते माळावरचं कोंबड्यांचं शेड आठवतं आणि हसू येतं. लेक विचारते, "आई, काय झालं?" मी म्हणते, काही नाही. पण ती ज्या शेडात जन्मली ते शेड कसं टिकलं, हे एकदा लिहायलाच हवं. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

दुष्काळाची दोन वर्षं लागोपाठ पडली होती. कशाच्या तरी योजनेतून आमच्याकडे कुक्कुटपालन सहकारी संस्था निघाली. शेडापेक्षा शेडावरची पाटी मोठी. तीनशे पांढऱ्या विलायती कोंबड्या आल्या, आणि त्या राखायला मला ठेवलं. ठेवलं ते माझ्या गुणांमुळे नाही. संस्थेत आमच्या बौद्धवाड्यातलं कुणीतरी दाखवावं लागत होतं, आणि रिकाम्या माळावर एकटं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तरी मी उपकार मानले. इतके मानले की चेअरमनच्या जीपची धूळ दिसली तरी मी उभी राहायची.

कारण दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात. मुकादम नवराबायकोची जोडी धरतो. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आदल्या हंगामात मी आमच्या कोयत्याची दुसरी बाजू होते. माझं पहिलं लेकरू तिथं फडातल्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, झालं आणि नवव्या दिवशी गेलं. आता पुन्हा पाचवा महिना लागला होता. शेडाला पत्रे होते, भिंत होती, कडी होती. मला ती कडी हवी होती, बस.

आणि नेमक्या कोंबड्या जायला लागल्या. आज एक, परवा दोन. मागच्या तारेजवळ पिसं पडलेली.

चेअरमन माळकरी माणूस. दर एकादशीला नारायणगडाला जायचा, अंड्याला बोट लावायचा नाही, आणि कोंबड्यांच्या संस्थेचा चेअरमन होता. आला, पिसांकडे लांबून बघितलं, नाकाला उपरणं लावलं.

"पारध्यांचं काम हाय," तो म्हणाला.

माळाच्या टोकाला पारध्यांच्या तीन पालांची वस्ती होती. गावात लोटा हरवला तरी त्यांचंच नाव. शेडासमोरच्या संस्थेच्या हापशावर त्यांनी यायचं नाही, असं चेअरमननं मला बजावलं होतं. "आज पानी नेतील, उद्या कोंबडी."

"साहेब, माणूस पिसं उपटत थांबंल का तारेपाशी?" मी भीत भीत विचारलं.

त्यावर बराच विचार करून त्यानं कोल्हा ठरवला. मग बैठक भरली, ठराव झाला. कोल्हा पकडण्याचा ठराव अकराविरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. कोल्ह्याला कुणी कळवलं नाही. गेवराईहून लोखंडी जाळीचा पिंजरा आला. आत आकडा, आकड्याला आमिष लावायचं, ते ओढलं की मागं पत्र्याचं दार खाली पडतं.

आमच्या भागात लोखंडाची वस्तू पूजेशिवाय कामाला लावत नाहीत. विळा असो की इंजिन, आधी हळदकुंकू. म्हणून पिंजऱ्यालाही पाटावर बसवलं. नारळ फुटला, पाणी पिंजऱ्यावर शिंपडलं, कापूर, उदबत्तीचा अख्खा पुडा. चेअरमननं अर्धा तास भाषण केलं आणि "शत्रू कितीही धूर्त असो" म्हणताना कोंबड्यांकडे बोट दाखवलं. आमिष काय लावलं असेल? मटणाला तो शिवणार नव्हता. पूजेतलं खोबरं लावलं, वर एक पेढा.

मी मागं उभी राहून मनात हसत होते. आमच्या घरात माझ्या सासऱ्यानं देव्हारा केव्हाच उचलून टाकलेला. मला वाटायचं, आपण किती शहाणे!

आठ दिवसांत त्या पिंजऱ्यात मुंग्या आल्या. कोंबड्या मात्र चार गेल्या.

चेअरमन जीपमधून न उतरताच बोलला. "ए बाई, झोपा काढती काय? टोळ्या निघायच्या आत हे थांबलं पायजे. न्हाई तर शेडला कुलूप लावतो, आन् तू जा तुझ्या नवऱ्यासंगं फडात."

टोळ्या निघायला अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी पालांकडे गेले. तिथं एक म्हातारी पारधीण होती. तित्तर धरायचे फासे वळत बसायची. मी कधी तिच्याशी धड बोलले नव्हते. आता गरज पडल्यावर मी तिला मावशी म्हटलं.

"मावशी, कोल्हा धरायला शिकवता का?"

ती फासा वळतच राहिली. "तुमच्या सायबानं पिंजऱ्याचं लगीन लावलं म्हनं. वऱ्हाड जेवलं का?"

मग उठली, माझ्याबरोबर आली. शेडामागं वाकून धुळीकडे बघितलं. "कोल्हा कुटंय? कोल्ह्याच्या पावलाला नखं उमटत्यात. ह्ये बघ, गोल, बिननखाचं. रानमांजर हाय, मादी. रोज एकाच वाटंनं येती. आन् तुमी पिंजरा ठिवला पाटीखाली, लोकांला दिसावा म्हनून."

"मग आता?"

"मला काय देशील?"

माझ्याकडे होतं काय!

"रोज दोन हंडे पानी," ती म्हणाली. "आमी डोंगराखालनं आनतो. माजे गुडगे गेलेत."

मी हो म्हटलं. पण कसं हो म्हटलं तेही सांगते. मागच्या बाजूला या, म्हटलं. मी भरून ठेवीन, हापशावर येऊ नका, साहेब बघतील. माझ्या सासूनं उभी जिंदगी गावच्या आडाच्या खाली हंडा ठेवून वरून कुणी ओतायची वाट पाहिली. तिची सून मी. हंडा मागं ठेवायला मला एक क्षण लागला नाही.

म्हातारीनं शिकवलं ते असं. पिंजरा राखेनं घासायचा, कुंकवाचा डाग राहू द्यायचा नाही. मग चार दिवस शेळ्यांच्या लेंड्यांच्या ढिगात पुरायचा. हात लावायच्या आधी हाताला लेंडी चोळायची. मांजरीच्या वाटेवर, तारेच्या भोकासमोर ठेवायचा, तळाला माती पसरायची, म्हणजे पायाला जाळी लागणार नाही. वर बाभळीच्या फांद्या. आणि दार पाडायची घाई करायची नाही. दार दोरीनं वर बांधून रोज आत कोंबडीची आतडी टाकायची. खाऊन जाऊ दे. पाव्हणीला घराची सवय होऊ दे. मग एक दिवस दोरी सोडायची.

"धरायचं म्हंजे वाट बघायची," ती म्हणाली. "तुमच्या लोकांला तेवडंच येत न्हाई."

मी सगळं तसंच केलं. चार दिवस पुरला, काढला, वाटेवर ठेवला. संध्याकाळी आत आतडी टाकली, बाभळीच्या फांद्या लावल्या आणि मला एकदम भीती वाटली. हे फसलं तर? पोटातलं लेकरू ढोसत होतं. मी शेडाला लागून असलेल्या माझ्या खोलीत गेले. देव्हाऱ्याच्या जागी आलेल्या तसबिरीपुढं रोज लावते तशा दोन उदबत्त्या लावल्या, हात जोडले. आणि त्यातली एक आणून पिंजऱ्याशेजारच्या मातीत खोचली. कुंकू नाही, नारळ नाही. आमच्यात ते नाहीच. एक साधी उदबत्ती. मला वाटलं, हिनं काय होतंय!

सकाळी आतडी तशीच. दुसऱ्या सकाळीही तशीच. आणि धुळीत गोल पावलं पिंजऱ्यापासून दहा हातांवर येऊन वळलेली. त्या रात्री ती दुसऱ्या भोकातून शिरली आणि कोंबडी घेऊन गेली.

म्हातारी हंडा न्यायला आली तेव्हा मी तिला बोलावलं. तिनं नाक वर केलं. मग वाकून मातीतली जळकी काडी उपसली आणि माझ्यापुढं धरली.

"ह्ये कुनी केलं?"

"तुमी देव सोडले म्हनता ना गं? आन् वास तेवडा ठिवला व्हय!" ती इतकी हसली की हंडा खाली ठेवावा लागला. "चेअरमनाचीच भैन हाय तू. त्यो पाटावर बसवतो, तू मातीत खोचती."

मी रडले. बरं वाटावं म्हणून तिनं मला काही समजावलं वगैरे नाही. "रडून झालं की राख आन," म्हणाली, आणि निघून गेली.

पुन्हा सगळं. राख, लेंड्या, चार दिवस पुरणं. मधे दसरा आला. संस्थेचा सेक्रेटरी हळदकुंकवाचं ताट घेऊन हजर, खंडेनवमीला संस्थेची हत्यारं पुजायला. "पिंजरा कुठाय?" मी म्हटलं, लेंड्यांत पुरलाय. तो माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मला वेड लागलंय, आणि खाद्य मोजायच्या तराजूची पूजा करून परत गेला. तो पुढे कुणाला काही बोलला नाही, एवढे त्याचे उपकार.

पिंजरा पुन्हा वाटेवर लावला. पहिले दोन दिवस आतडी तशीच. तिसऱ्या दिवशी दाराजवळची गेली. चौथ्या दिवशी आतली. टोळ्या निघायला दोन दिवस उरले होते. म्हातारी म्हणाली, "आज सोड दोरी." दोरी सोडताना माझ्या हाताला शेळीच्या लेंडीचा वास होता आणि घरात मी त्या दिवशी तसबिरीपुढंसुद्धा उदबत्ती लावली नाही. मनात माफी मागितली.

उजाडताना गेले तर फांद्यांच्या आत पिवळे डोळे. अंगानं आपल्या मांजरापेक्षा थोराड, लांब पायांची, कानाच्या टोकाला काळे केस, आणि फिसकारणं असं की मी दोन पावलं मागं आले. माझं पहिलं जनावर. मला आनंद झाला असं लिहायला हवं. मला फक्त एवढंच कळलं की मी जात नाही.

बातमी गेली आणि दुपारी दोन जीप आल्या. फोटोवाला आला. पिंजरा उघड्यावर आणवला, पाटावर ठेवला. हो, पुन्हा पाट! एका संचालकानं चेअरमनला शाल घातली, दुसऱ्यानं नारळ दिला. "साहेबांच्या मार्गदर्शनाखाली" हे मी तीनदा ऐकलं. म्हातारी लांब बाभळीखाली बसून बघत होती. मी तिचं नाव घ्यायला हवं होतं. मी तांब्यातून पाणी देत फिरत होते.

"कातडं संस्थेच्या भिंतीला लावायचं," चेअरमन म्हणाला. "हार आना."

मग तो हार पिंजऱ्याला घालायला वाकला, फोटोवाल्याकडे तोंड करून. जाळीतून पंजा आला तो मी पाहिला, त्यानं नाही पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत चार रेघा.

"मेलो, मेलो! अरे बघता काय बे, गाडी काढा!"

दोन्ही जीप गेल्या. शाल धुळीत पडली होती. पुढे त्याला बीडला पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या, आणि तेवढे दिवस शेडाला कुलूप लावायची आठवण त्याला झाली नाही. नंतर कोंबड्या जायच्या थांबल्याच, त्यामुळे विषय निघाला नाही.

कातडं काढायला कुणी उरलं नाही, आणि मी ते करणार नव्हते. म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "डोंगरापल्याड सोड. हितं सोडशील तर उद्या परत जेवायला."

दुसऱ्या सकाळी टोळीचा ट्रक शेडापुढच्या रस्त्यावर थांबला. पोती, भांडी, शेळ्या, लेकरं, सगळं वर. माझा नवरा खाली उतरला, पिंजरा पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेतला.

वरून मुकादम ओरडला, "ह्ये काय बे? बायको कुटंय?"

"बायको हितंच ऱ्हाती," नवरा म्हणाला. "ही माजी दुसरी बाजू. उलीसं फिसकारती, पन संभाळून घीन."

ट्रकातल्या बाया हसल्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, आणि वर चढला. आवो, सांभाळून जा, एवढंही माझ्या तोंडातून निघालं नाही. डोंगर उतरल्यावर त्यानं दार उचललं आणि ती गेली, असं त्यानं नंतर सांगितलं. पिंजरा तिकडेच कोपीत कोंबड्या झाकायला वापरला. संस्थेनं तो पुढे दोन वर्षं शोधला.

धूळ बसली तेव्हा म्हातारी हंडे घेऊन शेडाच्या मागं जाऊन उभी राहिली होती, रोजच्यासारखी. मी तिला हाक मारली.

"मावशी, पुढनं या. हापशावर."

"आज कावून? सायब सुया खातोय म्हनून?"

खरं होतं. तेच कारण होतं. मी तसंच म्हटलं.

ती आली. हापशाचा दांडा मी धरला, तर तिनं माझा हात बाजूला केला. "पोटुशी हायस, सर." दोन हंडे तिनं स्वतः भरले, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे, सावकाश. मी तिसऱ्या हंड्याचं विचारलं.

"दोनच ठरलेत," ती म्हणाली. "तिसरा तुजा उपकार हुईल. मंग उद्या यायला मला लाज वाटंल."

उद्या ती आली. चेअरमन बरा होऊन परतला त्या दिवशीही आली, आणि त्या दिवशी मी जीपची धूळ बघून शेडात गेले नाही. हापशापाशीच उभी राहिले. जीप येऊन थांबली तरी म्हातारीचा दुसरा हंडा भरेपर्यंत तिथून हलले नाही.