फिजीच्या व्याह्यांसाठी टोपी-उपरणं

औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी भारीतली टोपी आणि उपरणं घेतलं. दुकानदारानं विचारलं, "कार्य कुठं हाय?"

"फिजीत."

"कन्नड तालुक्याच्या पुढं आलं का ते?"

घरी पुंडलिकनगरला पोचेपर्यंत मी हसत होतो. आमची मुलगी फिजीत शाळेत शिकवते. तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा आम्ही दोघांनी महिनाभर तोंडं फुगवली. मग एक दिवस तो मुलगा फोनवर मराठीत म्हणाला, "आई, जेवलात का?" आणि आमची ही जागच्या जागी विरघळली. मी आधीच विरघळलो होतो, फक्त दाखवलं नव्हतं.

आता एकच घाट उरला होता. मुलाचे आजोबा त्यांच्या बेटावरच्या गावाचे प्रमुख. तिकडं पाहुणे याकोना नावाच्या झाडाच्या वाळक्या मुळ्यांची जुडी घेऊन जातात. आजोबांनी ती हातात घेतली तर सोयरीक पक्की. नाही घेतली तर आल्या वाटेनं परत. आणि नातू त्यांचा शब्द मोडणार नव्हता.

फिजीला पोचल्यावर त्या बेटावर जायला मुलाच्या काकांची शिडाची होडी होती. मी जन्मात पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे जायकवाडी. इथं एक बेट मागं पडलं की दुसरं समोर, आणि मधे नुसतं हिरवं-निळं पाणी. काकांनी इंजिन बंद केलं, शिडात वारा भरला आणि होडी एका अंगावर कलून सुसाट निघाली. हिनं डोळे मिटून मारुतीला नारळ बोलला. तेवढ्यात पाण्यातून मासे उडाले, चक्क उडाले, आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की काका दचकले. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. तसं मी हिला सांगितलंही.

किनारा दिसल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, नीट ऐका. गावात गॉगल, टोपी काय घालायचं नाय. ते बसलेले असताना उभं राहायचं नाय. आणि त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाय. लई मोठा अपमान असतो तो."

"कळतंय मला. हयात गेली माझी पाव्हण्यांत."

आजोबा घरात चटईवर मांडी घालून बसले होते, भोवती सगळा गोतावळा. काकांनी जुडी त्यांच्यापुढं ठेवली आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. आजोबांची नजर खाली. हात काही पुढं येईना. आपल्याकडं बोलणी अशी अडली की मुलीच्या बापानं व्याह्यांचा मान करायचा असतो. माझा हात आपोआप पिशवीत गेला. मी उठलो, पुढं झालो आणि टोपी त्यांच्या डोक्याकडं नेली.

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, खाली बसा की!" हिनं मागून शर्ट ओढला. मी आहे तिथंच दाणकन बसलो. मुलीकडं बघायची हिंमत होईना. ज्या हातानं आजवर शंभर जणांना टोप्या घातल्या, त्याच हातानं मी पोरीचं लग्न मोडलं होतं.

आजोबांनी हात पुढं केला. जुडीकडं नाही, माझ्या टोपीकडं. ती घेतली, आतून-बाहेरून पाहिली आणि स्वतःच डोक्यावर ठेवली, थोडी तिरपी. मग मुलीला काहीतरी विचारलं.

मुलगी आमच्याकडं वळली. "ते म्हणतायत, या गावात टोपी फक्त प्रमुखानंच घालायची असते. हे तुझ्या वडलांना कुणी सांगितलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर हिनं दिलं. "कुणी नाय सांगितलं म्हणावं. ह्यांना सांगितलेलं ऐकूच येत नाय."

मुलीनं ते जसंच्या तसं सांगितलं. आजोबा इतके हसले की टोपी कानावर आली, आणि हसता हसताच त्यांनी दोन्ही हातांनी जुडी उचलली. घरभर टाळ्या वाजल्या. मुलगी रडत रडत हसत होती. आनंदाच्या भरात मी पुन्हा उभाच राहणार होतो, पण हिनं अजून शर्ट सोडला नव्हता.