जँडल्स हातात

न्यूझीलंडमधल्या पापाकुराहून शेजारच्या ताई आणि मी रोज एकाच ट्रेनने हॉस्पिटलला जातो. ताई तिथे नर्स आहेत. तिकीट बघणाऱ्याने ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार केला, की त्या खणखणीत ‘जय भीम’ म्हणतात. आता तोही तसंच म्हणतो. मीसुद्धा बौद्धच, पण कुणी मराठी माणसाने आडनाव विचारलं की मी विषय बदलतो.

यंदा भारतात जाताना आमचं विमान एकच निघालं. सिंगापूरला दिवस मोकळा होता, म्हणून गाईडबरोबर शहर बघायला निघालो. गाईड वस्त्या वाटून देत होता: ही मलय लोकांची, ही चिन्यांची, ही तुमची. ‘आमच्या’ देवळाला त्याने अर्धा तास दिला. ताई बाहेरच उभ्या राहिल्या. बुद्धविहारापाशी तो आम्हाला म्हणाला, “हे तुमचं नाही. बाहेरूनच फोटो काढा. पाच मिनिटं.”

ताईंनी पायातल्या जँडल्स, तिकडच्या रबरी चपला, काढून त्याच्या हातात दिल्या. “आमचंच आहे. वंदना पूर्ण झाली की येईन. बास.”

तो माझ्याकडे वळला. “तुम्ही तरी हिंदू ना?”

त्याच्या दुसऱ्या हातात टूरचा झेंडा होता. तो मी काढून घेतला आणि तिथे माझे बूट दिले.