भाड्याचं लोखंड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक ज्या नजरेने माझ्याकडे बघतात ती मला सहन होत नाही.

प्रभादेवीला आमच्या घरामागे वाडीचा एक तुकडा उरला होता. वाडी आपली म्हणायची. चार माड सोडले तर सगळा काळा कातळ. वडील गेल्यावर तिथे भाडेकरूंसाठी दुमजली इमारत बांधायचं मी मनावर घेतलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई कुणाची यावरून रस्त्यावर रोज घोषणा चालल्या होत्या आणि मी माझ्या वीतभर मुंबईतला कातळ कसा काढायचा या विवंचनेत होतो.

डिलाईल रोडला राहणाऱ्या एका मालवणी मिस्त्रींकडे खोदायचं मशीन होतं. लढाईनंतर लष्कराच्या भंगारातून त्यांनी ते उचललं आणि स्वतःच्या हातांनी चालतं केलं. मागे लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला दातेरी डबा. हा हात लांब जाऊन रुतायचा आणि मग सगळं आपल्याकडे ओढायचा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही.

मिस्त्रींना मशीन विकायचं होतं. "विकत घेवा, साहेब," ते म्हणाले. "तुमचा काम झाला की दुसऱ्यांका भाड्यान देवा. माका आता पुरे झाला. बायल गावाक एकटीच आसा."

मी विचार करू लागलो. विकत घ्यावं तर उद्या मोडलं की माझ्या गळ्यात. भाड्याने घ्यावं तर काम संपलं की रामराम. तरी मन विकत घेण्याकडेच झुकत होतं, कारण अशी यंत्रं मिळत कुठे होती? तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "एक सांगतंय. ह्या कातळाक राखणदार आसा. लोखंड लावच्या आधी गाऱ्हाणा घालूक व्हया, आणि हत्यार कोणाचा ता त्येका सांगूक व्हया. काय कमीजास्त झाला, तर जेचा हत्यार तेका तो विचारता."

मी हसलो. पण त्याच क्षणी माझं ठरलं, भाड्याने घ्यायचं. कुणी विचारलं असतं तर दुरुस्तीचं कारण सांगितलं असतं. खरं कारण लाज आणणारं होतं. विश्वास नसला तरी नाव दुसऱ्याचं लागलेलं बरं, असं मला वाटलं.

आई आतून ऐकत होती. "घ्यायचं तर विकत घे," ती म्हणाली. "आपल्या जमिनीचं त्यांच्या माथी कशाला मारतोस?" मी तिच्यावर खेकसलो.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी कातळापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हय जो कोण राखणदार असशीत, तो आयक. आज हय लोखंड लागता. घर ह्यांचा, हत्यार माझा. काय वाकडा झाला तर माका विचार, ह्या घराक सांभाळ रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी होकार द्यावा लागतो, त्याशिवाय ते पुरं होत नाही. वाडीत आम्ही दोघेच होतो. मला ऑफिसला उशीर होत होता. "व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, थोडी त्यांची नक्कल करतच.

दोन दिवस काम झकास चाललं. तिसऱ्या दिवशी हरताळ पडला. ट्राम नाही, गिरणीचा भोंगा नाही, हिंदमातापर्यंत एक दुकान उघडं नाही. मिस्त्रीही आले नाहीत. भर दुपारी आई आणि मी जेवायला बसलो असताना मागून आवाज आला. लोखंड दगडावरून ओढल्याचा, लांब आणि सावकाश. थांबला. पुन्हा आला. आईचा घास हातातच राहिला.

मी मागे गेलो. वाडीत कुणी नव्हतं. इंजिनाला हात लावून पाहिला, ते थंडगार होतं. पण मिस्त्रींनी वर उचलून ठेवलेला तो हात आता खाली टेकला होता आणि कातळावर मशीनकडे आलेला ताजा पांढरा ओरखडा होता. हात वर धरणारा दोर सैल पडला की तो खाली येतो, असं पुढे एका इंजिनियरने मला समजावलं. ओरखडा कसा उमटला ते त्याला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आल्या आल्या विचारलं, "हात कोणी सोडल्यान?"

सांगितलं असतं तर त्यांनी मशीन तिथून हलवलं असतं आणि माझं काम अर्धवट राहिलं असतं. "पोरं खेळली असतील," मी म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री मान हलवून मशीनवर चढले.

मी दारात चहा पीत उभा होतो. हात लांब गेला, कातळाच्या फटीत रुतला आणि ओढू लागला. या वेळी शिळा मशीनकडे आली नाही. मशीन शिळेकडे गेलं. कातळाखाली पोकळी होती, ती बसली आणि मिस्त्री मशीनसकट आत गेले. त्यांना वर काढलं तेव्हा ते संपले होते.

आठवड्याने त्यांची बायको गावाहून आली. रडली नाही. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून तिने विचारलं, "गाऱ्हाणा घातलेल्यांनी?"

"घातलं."

"हत्यार कोणाचा म्हणान सांगितल्यांनी?"

"त्यांचं स्वतःचं."

तिने मान डोलावली. "आणि व्हय म्हाराजा कोणी म्हटल्यान?"

आई मागे उभी होती. खोटं बोलायची सोय नव्हती. "मी," मी म्हणालो.

शेजाऱ्याला सांगावं तशी ती खड्ड्याकडे वळून म्हणाली, "आयकलंस, म्हाराजा?"

इमारत मी बांधली नाही. खड्डा आहे तसाच आहे. अजूनही, मुंबई बंद असते आणि मागचं सगळं ऐकू येतं, त्या दिवशी मी घरात थांबत नाही.