आतोबांचं रिव्हॉल्व्हर आणि घरच्या जवसाचं तेल

उभ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात एकही गोळी न झाडता नुसतं पुसून शस्त्र झिजवणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे माझे आतोबा, आत्याचे यजमान. साखरखेर्ड्याला त्यांची शेती होती आणि वडिलांकडून आलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. दर बाजाराच्या दिवशी, गल्ली रिकामी झाली की, ते ओसरीवर घोंगडी अंथरून साफसफाईला बसत. आधी चक्राची सहाही घरं रिकामी असल्याचं समोर असेल त्याला दाखवीत. त्यानं वाकून ‘रिकामं’ म्हटल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नसे. एकदा पुतणीच्या सोयरिकीच्या बोलणीला आलेल्या चौघांनी आधी ही साक्ष दिली, मग त्यांना पाणी मिळालं. नळी पुसायला बाभळीची काडी आणि जुन्या धोतराची चिंधी असे. तेल मात्र घरच्या जवसाचं. विकतच्या तेलावर त्यांचा विश्वास नव्हता.

जवसाचं तेल वाळलं की रोगणासारखं घट्ट बसतं, हे कोणताही सुतार सांगेल. आतोबांनी सुताराला विचारलं नाही आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढवले. एका वर्षी ते तापानं दोन महिने पडून होते. उठले ते थेट मेहकरच्या कचेरीत परवाना नवा करायला गेले. तिथं चक्र हलेना. तहसीलदारांनी पंधरा दिवस दिले: चालू करून दाखवा, नाहीतर जमा करा.

आतोबांचं जेवण सुटलं. आत्यानं चार दिवस पाहिलं, मग रिव्हॉल्व्हर परातीत घासलेटात बुडवून ठेवलं.

“पळीवर जवसाचं तेल वाळलं का मी असंच काढतो,” ती म्हणाली. “मले इचारलं काऊन नाही?”

तिसऱ्या दिवशी चक्र फिरलं. कचेरीत साहेबांनी ते फिरवून पाहिलं आणि शस्त्राची गरज काय, असं विचारलं. आतोबा खोटं बोलत नसत.

“साहेब, बाप पुसत होता, मी पुसून राह्यलो.”

साहेबांनी रकान्यात ‘संरक्षण’ लिहून शिक्का मारला. त्या दिवशी आतोबा घरी येऊन तीन भाकरी जेवले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर परवाना संपला आणि रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायची वेळ आली. आदल्या दिवशी आत्या दुपारभर ते पुसत बसली होती. ठाण्याच्या पावतीवर ‘जुने, चालू स्थितीत’ असा शेरा आहे. तिला वाचता येत नसे. तो शेरा तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.