मापाचा ब्लाउज

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीची मालिकेतली भूमिका दुसऱ्या नटीला दिली गेली. तिला तसं कुणी कळवलं नव्हतं. काही चित्रपटांत नायिकेची मैत्रीण झाल्यावर तिला मालिकेत थोरल्या सुनेचं काम मिळालं होतं. मग कावीळ झाली. बऱ्या झालात की बोलावतो, असं कंपनीने सांगितलं होतं. बरी झाल्यावर ती म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात आमच्या शिलाईच्या दुकानात येऊन बसायची, उठायची, फोन उचलून बघायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी मालिकेचा कपडेवाला नेहमीप्रमाणे थोरल्या सुनेच्या ब्लाउजांचं कापड घेऊन आला. या वेळी सोबत मापाचा ब्लाउज होता. अप्पांना तो कधी लागला नव्हता. लेकीचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी त्या ब्लाउजच्या खांद्यावर टेप धरली.

"हे आमच्या पोरीचं माप नव्हे की रे."

"दिलं ते आणलं, स्वामी," तो टेपकडे बघत म्हणाला.

अप्पांनी कापड त्याच्याकडे परत सरकवलं. बहीण उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि तिने ते पुन्हा अप्पांपुढे ठेवलं.

"शिवा, अप्पा. काखेत मात्र सैल ठेवा. घंटा वाजवताना मला काचायचा."

शनिवारी ब्लाउज गेले. सोमवारच्या भागात थोरल्या सुनेने हात उंच करून देवघरातली घंटा वाजवली. चेहरा नवा होता.