मधल्या बोटाचं भोक

पुलगावच्या अलीकडे एका लहानशा दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाळंतपणाच्या खोलीतले हातमोजे तपासायचं काम माझ्याकडे आलं. डब्यावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेले ते पातळ मोजे आम्ही फाटेपर्यंत वापरायचो. छापणाऱ्याचं काय जात होतं? नवा डबा कधी येईल ते आम्हालाच ठाऊक नसे.

वापरलेले मोजे आया धुवायची. त्याच वेळी नळापाशी बसून मी प्रत्येक मोज्यात पाणी भरायचं, मनगटाशी पीळ घालायचा आणि एकेक बोट दाबून पाहायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी धार निघते. मग वाळवण, पावडर आणि शेवटी वाफ.

पण हिवाळ्यात त्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची. मी शहाणपणा केला. आयानं वाळवून, पावडर लावून आणलेला मोजा हातात घ्यायचा, त्यात हवा कोंडायची आणि गालाशी धरायचा. वारा लागला नाही की मोजा चांगला. पावडरनं बारीक भोक बुजतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आमच्या मोठ्या सिस्टरबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. सुटीच्या दिवशी दिराच्या वावरात कापूस वेचायला जायच्या. बोंडाच्या वाळक्या टोकांनी त्यांची बोटं सोलून निघालेली असत. एका सकाळी कळा देणारी एक पेशंट आली, तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. बाईंनी हात पुढे केले.

“पोरी, मले फुटका नको देजो. बोटं पाह्य माही.”

“तपासलेला आहे, बाई,” मी म्हणाले.

बाळंतपण नीट पार पडलं. नंतर बाईंनी मोजा काढला तेव्हा त्यांचं मधलं बोट ओलं होतं. त्यांनी ते घाम समजून पदराला पुसलं. मी तो मोजा नळाखाली धरला. मधल्या बोटातून केसासारखी धार निघाली. मी मोजा चुरगाळून टोपलीत टाकला आणि काही बोलले नाही. बोलले असते तर निदान त्यांनी लगेच हात तरी घासून धुतले असते.

होळीच्या सुमाराला बाईंना कावीळ झाली. साधी वाटली होती, पण उतरेना. त्यांना आमच्याच दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं. मी रोज त्यांचं तोंड पुसायची. एक दिवस त्यांनी माझा हात धरून विचारलं, “त्या दिवशीचा मोजा तू पाह्यला होता नं?”

“हो बाई. चांगला होता.”

“मंग ते नसन,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. “मंग मी होईन बरी.”

मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. आजही येते. खरं सांगितलं असतं तरी त्या वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले असते कदाचित. मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागलं असतं.

त्यानंतर आठव्या दिवशी बाई गेल्या. त्यांच्या जागी सेलूकडची एक नवी सिस्टर आली. पहिल्याच बाळंतपणाला ती सरळ माझ्याकडे आली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

“बाई खाटेवर होत्या तवा भेटाले आलती मी,” ती म्हणाली. “त्या म्हणे, मोजे तुमच्याच हातचे घेजो, बाकी कोणाचे नको.”

मी मोजे दिले. त्या दिवसापासून मी नळ कधी सोडला नाही, कितीही थंडी असो. पण ज्या हातांसाठी सोडायचा नव्हता, ते हात राखेत गेले होते.