स्लाइडवरचा बिबट्या

"कामाला बरी आहे हो, पण बोलतच नाही. स्लाइडवर बिबट्या दिसला तरी 'नॉर्मल' लिहून घरी जाईल!"

हे शिंदेकाका, आमच्या लॅबचे सीनियर टेक्निशियन, रिसेप्शनवरच्या मंदाताईंना माझ्याबद्दल सांगत होते. मी पार्टिशनच्या मागे सिंकवर स्लाइड धूत होते. नळ बंद केला असता तर मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं, म्हणून चालूच ठेवला. लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. न बोलणाऱ्या माणसाजवळ ते आपोआप साचतात.

*

लग्नानंतर रुजू झाले त्या दिवशी काकांचा हुकूम, "उखाणा घेतल्याशिवाय मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही!"

मी घेतला. नेमकं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज पूर्ण वेगात घरघरत होतं. ते थांबल्यावर काका म्हणाले, "हं, घे आता."

"झाला."

मंदाताईंनी बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

पिंपळगावचे एक द्राक्षबागायतदार कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टकडे बघतच राहिले. "ताई, माझी द्राक्षं युरोपात पास झाली, आन मी नाशकात नापास?"

काका आतून ओरडले, "द्राक्षं वडापाव खात नाहीत!"

*

रक्ताच्या पेशी मोजायचं आमचं मशीन शंका आली की लाल खूण करतं. आणि त्याला शंका फार. काका म्हणतात, "माझ्या सासूबाईंसारखं आहे. कितीही सरळ वागा, खूण येणारच! तुझ्या कशा आहेत गं?"

आमचं दोघींचं अजून कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवाजुळव, चालू होतं. मी पुढची नळी मशीनला लावली.

*

निफाडचे तात्या. अंगभर चट्टे. द्राक्षावरच्या फवारणीची ॲलर्जी म्हणून दोन महिने मलमं लावून झालेली. थकवा जाईना म्हणून गावातल्या आमच्या सेंटरवर तपासायला रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन रिपोर्टसाठी आमच्याकडे हजर. कॅल्शियम भलतंच वर! काकांनी मशीनवर दोनदा पुन्हा लावलं. आकडा तेवढाच.

तात्यांच्या पत्नी म्हणाल्या, "माझी हाडं ठिसूळ म्हणून डॉक्टर मला कॅल्शियमच्या गोळ्या देतोय, आन ह्यांच्या अंगात लय झालंय व्हय? मग थोडं मला काढून द्या की!"

सगळे हसलो. तात्या नाही हसले. त्यांना बाकड्यावर बसल्या बसल्या झोप लागली होती.

*

आता शेवटचा. तात्यांच्याच स्लाइडचा. पुढे मुंबईला त्या पेशींची आणि विषाणूची तपासणी होऊन निदान पक्कं झालं, पण तो सगळा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा पराक्रम. माझा किस्सा त्याआधीच्या वीस मिनिटांचा.

मशीनने लाल खूण केलीच होती. मी स्लाइड लावली. पांढऱ्या पेशींची केंद्रकं फुलासारखी, पाकळ्या-पाकळ्यांची. असं चित्र कॉलेजच्या पुस्तकात एकदाच बघितलं होतं. खाली नाव होतं, ॲडल्ट टी-सेल ल्युकेमिया. एका विषाणूमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर, आपल्याकडे क्वचित दिसणारा. वाढलेलं कॅल्शियम, अंगावरचे चट्टे, सगळं त्याच पानावर.

काकांनी डोकावलं. "रक्त कालचं आहे. शिळ्या रक्तात पेशी अशा फुलतातच. 'व्हायरल असावं' लिही."

तसं होतं, हेही खरं. मी लिहिलं.

मॅडम पर्स खांद्याला अडकवून रिपोर्टांवर सह्या करत होत्या. तात्यांचा रिपोर्ट गठ्ठ्यात तिसरा. सही झाली की तात्या नवं मलम घेऊन निफाडला.

मी तो कागद तेवढा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मग बाकड्याशी जाऊन तात्यांना उठवलं, बोटाला सुई टोचली आणि ताज्या थेंबाची स्लाइड केली. रंगवली. लावली.

पाकळ्या तशाच.

मॅडमचं पेन तळाच्या कागदावर आलं. काका जेवणाचा डबा उघडत होते, मंदाताई लोणचं वाढत होत्या. सेंट्रिफ्यूज बंद होतं. त्यामुळे या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं, बाकड्यावरच्या तात्यांनाही.

"मॅडम, सही नका करू! हे रक्त आत्ताचं आहे. आणि काका, बिबट्या दिसलाय!"